घाऱ्या लेकराचा खटला

अंबाजोगाईत घाऱ्या डोळ्यांचं कुणाला नवल नाही. योगेश्वरी ही कोकणस्थांची कुलस्वामिनी. मार्गशीर्षातल्या नवरात्रात पुण्यामुंबईचे घारे डोळे देवळाबाहेर उन्हानं बारीक होऊन नारळाचा भाव करताना दिसतात. पण तेच डोळे रात्री आठच्या मालिकेत तान्ह्या लेकराला निघाले, की आमच्या आत्याबाई खवळतात. नायक काळ्या डोळ्यांचा, नायिका काळ्या डोळ्यांची आणि पाळण्यातून टुकूटुकू बघतंय ते घारं!

"आगं बया! हे कुटून आलं?"

प्रश्न नायिकेच्या अब्रूचा होता, म्हणून वकीलपत्र मी घेतलं. लाइटबिलाच्या पाठीवर चौकोन काढून त्याची चार घरं पाडली. काळ्या रंगाचं जनुक 'क', ते प्रभावी. घाऱ्याचं 'घ', ते दबून राहणारं. आईबाप दोघंही 'कघ' असले तर त्यांचे डोळे काळेच दिसणार, पण चौथ्या घरात 'घघ' पडतो.

"म्हणजे चारांत एक लेकरू घारं."

"मंग अजून तीन व्हायचेत का हिला?" आत्याला भलतीच काळजी लागली. "सासू तर ह्या एकाला बी घेईना."

दर बाळंतपणात चिठ्ठी नव्यानं उचलायची असते, हे सांगेपर्यंत जाहिराती संपल्या.

पुतणीनं मग हॅरी पॉटर पुढं केला. हा खटला सोपा. हॅरीचे डोळे आईसारखे हिरवे, जिनीचे तपकिरी, आणि तिघा मुलांत एकटा आल्बस हिरव्या डोळ्यांचा. हिरवा घाऱ्यात जमा धरला तर हॅरी 'घघ', म्हणजे जिनी 'कघ' असलीच पाहिजे. साक्षीदार तिच्या माहेरीच आहे: भाऊ रॉन, निळ्या डोळ्यांचा. निम्म्या मुलांची शक्यता होती, तिघांत एक निघालं. रोलिंगबाई पास! आमच्या मालिकावाल्यांना मात्र बाळ निवडताना जनुकं दिसत नाहीत. जे कमी रडतं ते त्या घराण्याचं.

अर्थात हा चौकोनही जुनाच. डोळ्यांच्या रंगाला मेंडेलचा नियम लावणारा डेव्हनपोर्ट दांपत्याचा लेख १९०७ सालचा. आता कळतं, की पंधराव्या गुणसूत्रावर ओसीए२ नावाचं जनुक रंगद्रव्याचं काम बघतं आणि ते कमीजास्त करायचं बटण शेजारच्या एचईआरसी२ मध्ये बसलंय. २०२१ मध्ये जवळपास दोन लाख लोकांच्या अभ्यासातून रंगाशी संबंध असलेल्या ६१ जागा निघाल्या. घाऱ्या आईबापांनाही क्वचित काळ्या डोळ्यांचं मूल होतं. हे सगळं मांडायला लाइटबिल कुठलं पुरणार, दासोपंतांनी लिहिलेली लांबलचक पासोडीच हवी. (ती आमच्याच गावात आहे, पण मला कोण हात लावू देतंय!)

माझ्या मते ह्या एकसष्ट जागा चौकोनापेक्षा आत्याच्या शास्त्राला जास्त झेपतात. त्यात लेकरू आईबापावर जायलाच हवं असं नाही. ते आज्याच्या वळणावर जातं, मामाच्या जातं, आणि अगदीच काही जुळेना तर एखादी चुलतआजी सापडतेच.

"आज्यावर गेलं आसंल," दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच नायिकेला संशयाचा फायदा दिला. पण 'घ' दोन्हीकडून यावा लागतो, हे तिनं पक्कं धरलेलं. तेव्हा दोन्ही घरच्या आज्यांना हजर करणं आलं. नायिकेच्या माहेरचा तर अजून दाखवलेलाच नव्हता. नायकाचा आज्या दिवाणखान्याच्या भिंतीवर, हारात. आम्ही दोघं सरकत सरकत टीव्हीपुढं गेलो. कॅमेराही ढोल वाजवत त्या फोटोवर तीनदा आदळला.

फोटो कृष्णधवल.

"मेल्यांनी रंगीत तरी काढायचा!" आत्या म्हणाली, आणि पुढची तारीख पडली.