बस येऊन राहिली ना बाप्पा!

नागपुरी बोलीत एक काळ आहे, जो शाळेच्या व्याकरणात सापडत नाही. ‘बस येऊन राहिली ना बाप्पा!’ म्हणजे ती निघाली असेल, निघायची असेल किंवा डेपोत आडवी पडलेली असेल. बर्डीच्या थांब्यावरचा माणूस याच काळात जगतो. हा काळ मोडीत काढायचा विडा आता अवकाशाने उचलला आहे. प्रवासी वाहनात जागा सांगणारी डबी बसवण्याची सक्ती २०१९पासून नव्या गाड्यांना लागू झाली. आपल्या ‘नाविक’चे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर तैनात आहेत. राज्याचं सुदूर संवेदन केंद्र तर १९८८पासून नागपुरातच आहे. आभाळाकडून काही कमी नाही.

उपग्रह वरून बस पाहतो, असा एक भाबडा समज आहे. तो काहीही पाहत नाही, फक्त अचूक वेळ सांगत राहतो. निदान चार उपग्रहांचे संदेश पोचायला किती वेळ लागला, यावरून डबी स्वतःची जागा काढते आणि मोबाइलच्या सिमवरून कार्यालयातल्या पडद्यावर धाडते. म्हणजे सारं गणित उशिरावरच सुटतं. मग या शास्त्रात शहर बससेवेचा हात कोण धरणार? अवकाशातून बसपर्यंतचं अंतर संदेश सेकंदाच्या आठव्या हिश्श्यात कापतो. पडद्यापासून थांब्यापर्यंत मात्र त्याचे पाय जड होतात.

आमचा आक्षेप यंत्रावर नाही, त्याची नजर कोणावर रोखली आहे त्यावर आहे. महापालिकेने झाडू मारणाऱ्या कामगाराच्या मनगटावर जीपीएस घड्याळ बांधलं. तो सावलीला टेकला तरी आभाळाला कळावं, अशी सोय केली. आपल्याच खासदारांच्या, म्हणजे गडकरींच्या खात्याने सप्टेंबर २०२४मध्ये उपग्रहाधारित टोलची तरतूद नियमात केली, तीही दिवसाला पहिले २० किलोमीटर मोफत, इतक्या काटेकोर हिशोबाने. घाम मोजायचा असो की पैसा, उपग्रहाला चष्मा लागत नाही. वेळापत्रक मोजायची वेळ आली की नेमके ढग येतात.

कोणी म्हणेल, डबीमुळे चालकाचा बेफाम वेग आणि बुडवलेली फेरी पकडता येते, हे काय थोडं आहे? थोडं नाहीच. पण फेरी चालकाने बुडवली की गाडीच नव्हती म्हणून बुडाली, हेही त्याच नोंदीत असतं. दुसरा म्हणेल, बसच कमी आहेत, माहितीने त्या वाढतील का? नाही वाढणार. मोबाइलवर सरकणारा ठिपका फार तर टंचाईचं सुबक चित्र दाखवेल. पण बेसा-बेलतरोडीपर्यंत पसरलेल्या वस्तीला किती फेऱ्या ठरल्या आणि किती झाल्या, हे चव्हाट्यावर आलं, तर जास्त बस मागायला पुरावा तरी मिळेल. दिल्लीने २०१८मध्ये आपल्या बसची माहिती सर्वांना खुली केली. त्याने आभाळ कोसळलं नाही.

झिरो माइलच्या खांबावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल अशी अंतरं कोरलेली आहेत. पुढची बस किती लांब, एवढंच कोरायचं राहिलं. तोवर प्रत्येक थांब्यावर एक काळा फळा टांगावा: काल ठरलेल्या फेऱ्या इतक्या, झालेल्या इतक्या. आकडे उपग्रहाच्या कृपेने कार्यालयात पडलेलेच आहेत. आता फक्त खडू लागेल, आणि तो धरायला हात.