मते वैयक्तिक, पगार कंपनीचा

एखाद्या उद्योगावर वर्षानुवर्षे परखड लिहिणारा जाणकार त्याच उद्योगातल्या कंपनीत रुजू झाला, की त्याच्या लेखाखाली लगेच एक ओळ उगवते: ‘मते वैयक्तिक आहेत.’ कंपनीला हायसे वाटते, लेखकाला गंगेत न्हाल्यासारखे वाटते, आणि यात आपल्याला काय मिळाले हे वाचक शोधत बसतो. नोकरी बदलणे हा काही गुन्हा नाही. पोट सगळ्यांनाच आहे. पण मते वैयक्तिक असली तरी घराचा हप्ता त्याच पगारातून जातो, हे कळायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

‘आम्ही हितसंबंध जाहीर केलेत ना!’ असे यावर ठणकावून सांगितले जाते. जाहीर करावेतच. सेबीने २०१४च्या नियमांत शेअर-विश्लेषकांना, ज्या कंपनीवर लिहिता तिथे कधी नोकरीला होतात का, हेही सांगायला लावले आहे. गोची पुढे आहे. केन, लोवेनस्टाइन आणि मूर या संशोधकांचा एक प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. बरणीतली नाणी किती रकमेची, हे काहींनी लांबून पाहून ओळखायचे. जवळून पाहिलेल्या सल्लागारांनी त्यांना आकडा सुचवायचा. काही सल्लागारांना अंदाज फुगेल तसे जास्त पैसे. हा हितसंबंध उघड करायला लावल्यावर सल्लागारांनी आकडे कमी केले नाहीत, उलट आणखी फुगवले. एकदा सांगून टाकले की हात मोकळे! ऐकणाऱ्यांनी वजाबाकी केली, पण फुगवट्याला पुरेल एवढी नव्हे.

तेव्हा नुसती ओळ पुरत नाही, विषयच सोडावा लागतो: आपली कंपनी, आणि तिचे प्रतिस्पर्धीही. स्वतःच्या कंपनीवर मौन आणि शेजारच्या दुकानावर आसूड, याला निर्भीडपणा म्हणत नाहीत. ते विक्री विभागाचे काम आहे, तेही बिनपगारी. १९९७ मध्ये ‘आनंदटेक’ सुरू करून संगणकाच्या सुट्या भागांची चिरफाड करणारे आनंद लाल शिंपी २०१४ मध्ये ॲपलमध्ये गेले, ते लेखणी खाली ठेवूनच. ‘आनंदटेक’ दुसऱ्या संपादकाच्या हाती २०२४पर्यंत चालले. आता कोणी म्हणेल, आतल्या माणसालाच सगळ्यात जास्त कळते, तो गप्प बसला तर तोटा वाचकाचाच. हे खरे आहे, आणि त्याने तंत्र समजावून सांगावे, जुना इतिहास लिहावा. निवाडे तेवढे देऊ नयेत. ब्लॉगर रॉबर्ट स्कोबल २००३ पासून मायक्रोसॉफ्टमध्ये राहून मायक्रोसॉफ्टवरही टीका करत, हा दाखला हमखास पुढे येतो. पण त्या टीकेने कौतुक कोणाचे झाले? कंपनी किती दिलदार, याचेच! मालकाला झोडपले तरी जमा मालकाच्याच खात्यात, आणि झोडपणे कुठे थांबवायचे हेही त्याच्याच हातात. आपल्याकडे एवढी हुशारी अजून आलेली नाही. आपल्या परिसंवादांत वक्त्याची मते वैयक्तिक असतात आणि फलकावर नावाखाली हुद्दा मात्र कंपनीचा असतो. आमंत्रण त्या हुद्द्यालाच गेलेले असते.