उपायमामा

घरात कुणाला पार्किन्सन्स झाला, की पाठोपाठ उपायमामा येतात. ते नात्याने मामा असतीलच असं नाही. शेजारचे, बँकेतले, सकाळी टेकडीवर भेटणारे, कुणीही चालतात. चपला काढता काढताच सुरुवात : "हात थरथरतोय ना? डॉक्टर तुम्हाला सांगायचे नाहीत, मी सांगतो."

मागे त्यांनी चुंबकाचा पट्टा आणला होता. मग अ‍ॅक्युप्रेशरच्या काटेरी चपला. (ज्याचा साध्या फरशीवर तोल जातो, त्याने त्या घालायच्या!) सध्या गांजाचा हंगाम आहे. मामा त्याला 'सीबीडी' म्हणतात, तेही आवाज उतरवून. "अमेरिकेतले एक गृहस्थ, दोन्ही हात लटलटा कापायचे. जिभेखाली दोन थेंब, खलास! व्हिडिओ पाठवतो."

ब्राझीलमध्ये २१ रुग्णांवर गांजातल्या या सीबीडीचा प्रयोग झाला, २०१४ साली तो छापूनही आला. रोज ३०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना एकंदर बरं वाटलं, हालचालींत मात्र फरक पडला नाही. मामा यातलं 'बरं वाटलं' तेवढं उचलतात. गांजाने उभं राहताना रक्तदाब घसरू शकतो, भास होऊ शकतात, हे सांगेपर्यंत ते कायद्यावर गेलेले असतात : "१९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यात भांगेची पानं येतच नाहीत!" भांगेलाही लागू असलेला राज्याचा दारूबंदी कायदा मात्र त्यांनी अजून उघडलेला नाही.

एकदा त्यांचा नेम बसला. खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा खरोखरच असतो, पार्किन्सन्सच्या गोळीत असतो तोच. म्हणून तर पंचाईत. गोळी चालू असताना वर या बियांचं चूर्ण घेतलं, की डोस किती झाला ते कुणालाच कळत नाही, आणि जास्त झाला तर अंग वेडंवाकडं हलू लागतं. मामांच्या मते तो 'गुण येतोय' याचा पुरावा.

मामा कधी सुचवत नाहीत त्या 'ताई ची' या चिनी व्यायामाने तोल सुधारतो, हे १९५ रुग्णांच्या चाचणीत दिसलं. ती २०१२ सालीच छापून आली. पुण्यात पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्गही भरतात. "या वयात नाच?" म्हणून मामा हसतात. खरी अडचण अशी, की तिथे कुणीतरी नेऊन आणावं लागतं.

लेव्होडोपाची गोळी सहसा जेवणाआधी घ्यायची असते, कारण प्रथिनं तिच्या आड येतात. नेमके त्याच वेळी मामा पेढे घेऊन हजर होतात. तुमच्याकडे येणार असतील तर गोळीनंतर तासाभराने बोलवा, आणि आल्या आल्या रुग्णाचा हात त्यांच्या हातात देऊन दोघांना कोपऱ्यापर्यंत पिटाळा.