शेपटीचे छायाचित्रकार

नवा पक्षी-छायाचित्रकार ओळखायला पक्षी लागत नाही. हिवाळ्यात भिगवणच्या वाटेवर पहाटेच्या चहाची एखादी टपरी पाहावी. जुनी मंडळी मळक्या शर्टात निवांत फुरके मारत असतात. नवे साहेब टोपीपासून बुटापर्यंत पानाफुलांच्या नक्षीत नटलेले. झाडीत लपायची सोय चोख झालेली असते. फक्त उजनीच्या पाण्यात, उघड्या होडीत, झाड नसतं.

साहेब बहुधा नुकतेच निवृत्त झालेले. फंडाचे पैसे आले, १५०-६०० मिमीची लेन्स आली, सोफ्याचं राहिलं. (लेन्सची खरी किंमत घरात एकालाच ठाऊक असते.) अभ्यास मात्र दांडगा! शटर १/२०००, फोकस सतत पाठलाग करणारा, पांढऱ्या बगळ्याला एक्सपोजर उतरवायचं, आभाळापुढच्या घारीला चढवायचं, सगळं तोंडपाठ. अडचण इतकीच, की ६०० मिमीतून जेमतेम चार अंशांचं आभाळ दिसतं आणि पक्षी हटकून उरलेल्या तीनशे छप्पन्नात असतो.

कुंभारगावचा नावाडी हळूच सांगतो, "साहेब, खुंटावर ऑस्प्रे बसलाय. शिटला की उडंल बघा. वाऱ्याकडं तोंड करून उडंल, तिकडं कॅमेरा धरून ठेवा." साहेब त्या वेळी मेनूत असतात, फोकस प्राण्यांवरून पक्ष्यांवर आणायचा असतो. ऑस्प्रे शिटतो. उडतो. साहेबांना खुंट मिळतो, अत्यंत शार्प.

रोहित पक्षी तसे दयाळू. पाण्यावरून चार पावलं धावल्याशिवाय त्यांना उठता येत नाही, म्हणजे आगाऊ सूचना देऊनच उडतात. पण तोवर साहेबांनी उभ्या थव्यावरच बर्स्टची अशी काही फैर झाडलेली असते, की पंखांची ती लाल-काळी उधळण समोर उलगडते तेव्हा कॅमेरा कार्डावर जुने फोटो उतरवत बसलेला असतो.

मग नावाडी शेव उधळतो. कुरव पक्ष्यांचा थवा डोक्यावर येतो, इतका जवळ की ही लेन्स फोकसच करू शकत नाही. शेजारच्या होडीतलं पोरगं आईच्या मोबाइलवर अख्खा कुरव, पंख पसरलेला, चोचीत शेव, असा टिपतं. साहेब त्याच्याकडे बघत नाहीत.

संध्याकाळी ग्रुपवर फोटो पडतात. धूसर आले ते 'मोशन'. पाठमोरे आले ते 'झेप'. एका फोटोत तर उजव्या कोपऱ्यात नुसतं शेपूट. खाली प्रश्न: "जाणकारांनी ओळख पटवावी."

एक जाणकार खरंच पटवतात. टोकाला खाच आहे, म्हणजे साधी घार. ब्राह्मणी असती तर टोक गोल असतं.

साहेबांचं उत्तर मिनिटभरात येतं, "म्हणूनच तेवढंच घेतलं."