उद्यानात शिल्प कसे बसवावे? होतकरू अर्जदारांसाठी मार्गदर्शिका

महापालिकेच्या उद्यानात एखादे शिल्प उभे करावे, अशी इच्छा मनात येणे हा गुन्हा नाही. ती लेखी कळवली की मात्र प्रकरण सुरू होते. हे प्रकरण तडीस नेऊ पाहणाऱ्यांसाठी पुढील पायऱ्या दिल्या आहेत. लागणारे साहित्य : एक शिल्प, अर्जाच्या पुरेशा झेरॉक्स, एक जाड फाइल आणि मजबूत गुडघे.

पायरी 1 : शिल्पात कोण दिसतो ते तपासा

शिल्पात ओळखीचा माणूस दिसत असेल, तर ते शिल्प राहत नाही, पुतळा होतो. पुतळा झाला की विषय उद्यान खात्याच्या हातून निसटतो. महापालिकेचा ठराव, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, कायदा-सुव्यवस्था बिघडणार नाही असे पोलिसांचे पत्र आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता, असा त्याचा प्रवास सुरू होतो. वर सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहेच : रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये. उद्यान ही सार्वजनिक वापराची जागा आहे का, या प्रश्नावर तुमची फाइल विधी विभागात सुखाने नांदू शकते.

उभारण्याला इतक्या परवानग्या लागतात, हटवण्याला एकही नाही. पुण्याच्या संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा अर्धपुतळा जानेवारी 2017 मध्ये रातोरात मुठा नदीत गेला, तो कुठल्याही टेबलावर न थांबता.

तेव्हा माणूस टाळा. या बाबतीत मुंबईचा आदर्श ठेवावा. काळा घोडा चौकातला राजा सातवा एडवर्ड 1965 साली घोड्यासकट हलला आणि पुढे राणीच्या बागेत विसावला. 2017 साली त्या परिसरात नवा घोडा आला, पण पाठीवर कोणी नाही. घोड्याला जात नसते, पक्ष नसतो आणि जयंतीही नसते. सार्वजनिक शिल्पाला याहून मोठी पात्रता कोणती?

पायरी 2 : 'कला' हा शब्द खोडा

तुमच्या शिल्पाचे नाव 'विरह' असेल, तर ते घरी ठेवून या. अंदाजपत्रकात विरहाला लेखाशीर्ष नाही, सुशोभीकरणाला आहे. अर्जात लिहावे : 'उद्यानातील मोकळ्या जागेत शोभिवंत धातुकाम करणे व अनुषंगिक कामे.' शेवटचे दोन शब्द विसरू नका, फाइलचा अर्धा जीव त्यांच्यात असतो.

शिल्प भंगारातून केलेले असेल, तर तुम्ही नशीबवान. त्याला 'टाकाऊपासून टिकाऊ' म्हणा आणि उद्यान खात्याऐवजी घनकचरा विभागाचे दार ठोठवा. दिल्लीत 2019 साली भंगारातून जगातली सात आश्चर्ये उभी राहिली आणि लोक तिकीट काढून पाहायला गेले. ब्राँझला जे साधत नाही, ते गंजलेल्या गिअरला साधते. अगदीच काही जमले नाही, तर शिल्पापुढे दोन पायऱ्या बांधून 'सेल्फी पॉइंट' असा प्रस्ताव द्या. सेल्फी पॉइंटला आजवर कोणी अर्थ विचारलेला नाही.

पायरी 3 : शिल्पाचे मोजमाप होऊ द्या

ही पायरी सर्वांत महत्त्वाची. एक दिवस कनिष्ठ अभियंता टेप घेऊन येईल. त्याच्यावर रागावू नका. त्याला दरसूचीच्या बाहेर जाता येत नाही आणि दरसूचीत शिल्प नाही. त्यामुळे तो तुमच्या निर्मितीची फोड करील : खोदाई इतके घनमीटर, काँक्रीट इतके घनमीटर, लोखंडकाम इतके किलो, रंगकाम दोन हात इतके चौरस मीटर. लांबी, रुंदी, उंची असे रकाने भरत तो शिल्पाभोवती एक फेरी मारील आणि मध्येच थबकेल.

"हे भोक कशाला ठेवलंय?"

"ती पोकळी आहे. शिल्पाचा गाभा तोच आहे, साहेब."

"असेल. पण दरवाजा-खिडकीसारखी याची वजावट करावी लागेल."

इथे वाद घालू नये. ज्या रिकामपणासाठी तुम्ही वर्षभर झटलात, तो रिकामपणा रकमेतून वजा होतो, हे मान्य करा. पुढच्या शिल्पात भोके कमी ठेवा. मूर्तिकलेत भरीवपणाला महत्त्व का आले, याचे एक कारण मोजमाप पुस्तिकेतही सापडेल.

पायरी 4 : ना-हरकती गोळा करा

विद्युत विभाग विचारील, दिवा कुठे? पाणीपुरवठा विभाग सांगेल, खाली लाइन आहे, कुठून जाते ते बघावे लागेल. झाडाची एखादी फांदी आड येत असेल, तर 1975 च्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी हवी. शिल्प फांदीपेक्षा बुटके करणे स्वस्त पडते.

पण खरी ना-हरकत कुठल्याच यादीत नसते. ती सकाळी सहा वाजता मिळते, हास्यक्लबच्या मंडळींकडून. त्यांची उभी राहायची जागा, त्यांचा बाक आणि प्राणायामाची सतरंजी यांपासून शिल्प दूर असल्याचे त्यांना आधीच दाखवा. या मंडळींत निवृत्त अधिकारी असतात. माहिती अधिकाराचा अर्ज त्यांना तोंडपाठ असतो आणि वेळ भरपूर असतो.

पायरी 5 : शेरे वाचायला शिका

फाइल परत आली की मजकूर वाचू नका, समास वाचा. 'पहावे' असेल, तर साहेबांनी पाहिलेले नाही. 'चर्चा करावी' असेल, तर तुम्ही समक्ष येईपर्यंत काही हलणार नाही. 'नियमानुसार कार्यवाही करावी' म्हणजे नियम कोणता, हे खालच्याने शोधावे आणि सापडला नाही तर जबाबदारीही त्यानेच घ्यावी. 'सविस्तर अहवाल सादर करावा' असे दिसले, तर शिल्पाला गंज लागणार नाही असा रंग आधीच मारून ठेवा.

पायरी 6 : कोनशिलेपुढे नम्र व्हा

सगळे पार पडले की लोकार्पण. त्या दिवशी तुम्हाला कळेल की शिल्प माननीय नगरसेवकांच्या 'संकल्पनेतून व अथक प्रयत्नांतून' साकारले आहे. कोनशिला शिल्पाहून मोठी असेल, तर हरकत घेऊ नका, ती वेगळ्या मापाने मंजूर झालेली असते. तुमचे नाव मागच्या बाजूला, देखभाल ठेकेदाराच्या फोन नंबरखाली असेल. सापडल्यास फोटो काढून ठेवा.

परिशिष्ट : परवानगी न घेता

नेकचंद हा चंडीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातला रोड इन्स्पेक्टर. 1950 च्या दशकाअखेरीपासून त्याने सरकारी वनजमिनीवर, नोकरीनंतरच्या वेळात, फुटक्या बांगड्या आणि चिनीमातीच्या तुकड्यांतून शेकडो मूर्ती गुपचूप घडवल्या. प्रशासनाला पत्ता लागेपर्यंत जवळजवळ दोन दशके गेली होती. 1976 मध्ये रॉक गार्डन लोकांना खुले झाले, नेकचंदला त्याच कामासाठी पगार मिळाला आणि हाताखाली 50 मजूर. त्याने अर्ज केला असता, तर आज तिथे मोकळी जमीन असती आणि अभिलेख कक्षात एक फाइल.

हा मार्ग आम्ही सुचवत नाही. महापालिकांनी अंदाजपत्रकात कलेचे एक लेखाशीर्ष उघडावे, शिल्पाची पारख करायला अभियंत्याबरोबर एखादा शिल्पकारही पाठवावा आणि निर्णयाला मुदत घालावी, एवढेच सुचवतो. तोवर अर्ज जरूर करा. फक्त आवक क्रमांक आणि तारीख घातलेली पोच हातात पडल्याशिवाय खिडकीपासून हलू नका.