हल्क, मुक्काम मोरिवली

गणपतीत सोसायटीच्या वेशभूषा स्पर्धेत हल्क व्हायचं चिरंजिवांनी ठरवलं, आणि हल्क मी झालो.

त्याचं तर्कशास्त्र बिनतोड होतं. हल्क म्हणजे दोन माणसं. एक डॉक्टर ब्रूस बॅनर, किडकिडीत, हुशार, चष्मेवाला शास्त्रज्ञ. दुसरा हिरवागार, अवाढव्य, कमरेवर उघडा. "पहिला मी होतो," तो म्हणाला, "दुसऱ्याला बाबा, तुमचं पोट तयारच आहे." यावर हिने काहीतरी बोलायला हवं होतं. ती बोलली. "आणि स्वभावही आहेच की हो!"

मी अभ्यासाला लागलो. कुठलंही काम अंगावर आलं की आधी अभ्यास करायचा, म्हणजे काम लांबतं. स्टॅन ली आणि जॅक कर्बी या जोडीने मार्व्हलच्या कॉमिकच्या मे १९६२च्या पहिल्या अंकात हल्क आणला, तो चक्क राखाडी होता. पण छापखान्यात राखाडी काही एकसारखी उतरेना. एका पानावर फिकी, दुसऱ्यावर काळपट. म्हणून दुसऱ्या अंकापासून गडी हिरवा. ज्या रंगावर जगभरच्या पोरांचा जीव, तो छपाईच्या अडचणीतून आला, हे वाचून मला हल्क एकदम घरचा वाटायला लागला. आमच्या वालधुनी नदीचा रंगही असाच ठरतो. काकोळ्याच्या डोंगरातून निघते तेव्हा बिचारीला रंग नसतो. शिवमंदिराला वळसा घालून, अंबरनाथ-उल्हासनगर करत कल्याणला पोचेपर्यंत कारखान्यांच्या कृपेने तिने इतके रंग पाहिलेले असतात की गॅमा किरण पडले तरी तिला फरक पडू नये.

बॅनरला मात्र पडला. गॅमा बॉम्बच्या चाचणीच्या मैदानात रिक जोन्स नावाचं एक उनाड पोरगं गाडी घेऊन घुसलं. त्याला खंदकात ढकलून वाचवताना बॅनर स्वतः किरणांत सापडला. दुसऱ्याच्या पोराला वाचवायला गेलं की काय होतं पाहा. (आपल्याच पोरासाठी गेलं की काय होतं, ते पुढे येईलच.) गंमत म्हणजे सुरुवातीला रागाचा संबंधच नव्हता. सूर्य मावळला की हा बदलायचा. म्हणजे सरळसरळ सेकंड शिफ्ट! राग नंतर आला. पुढे लीच्या हातून घाईत ब्रूसचा बॉब झाला, तेव्हा पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर असल्याचं जाहीर करून चूक पचवली गेली. एका अक्षरासाठी आधार केंद्राच्या रांगेत मी दोन सुट्ट्या घालवल्यात, म्हणून हा तपशील जास्त लागला.

सहा अंकांत हल्कचं कॉमिक बंद पडलं. त्याच १९६३ साली हल्क 'ॲव्हेंजर्स'चा संस्थापक सभासद झाला आणि दुसऱ्याच अंकात राजीनामा देऊन निघून गेला. आमच्या सोसायटीच्या कमिटीवर मीही तेवढाच टिकलो होतो.

आता पँट. सगळे कपडे फाटतात आणि ती जांभळी पँट तेवढी कमरेला कशी टिकते, या प्रश्नाला मार्व्हलकडे धड उत्तर नाही. उल्हासनगरच्या जीन्सवाल्याकडे आहे. त्याने काउंटरवर पँट टाकली, दोन्ही हातांनी टराटरा ताणली आणि म्हणाला, "साईं, आप फट जाओगे, ये नहीं फटेगी." जांभळी नव्हती, वांग्याच्या रंगाची होती. घेतली.

रंगाचा सल्ला शेजारच्या काकांनी दिला. त्यांची नोकरी इथल्याच एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात झाली. "आमच्याकडचा नको," ते गंभीरपणे म्हणाले, "नातवंडं हिरवी निघतील. खायचा रंग लावा." म्हणून बर्फीत घालतात तो हिरवा रंग आणला आणि ग्लिसरीनमध्ये कालवून हिने मला भिंतीसारखा रंगवला. दोन हात.

प्रवेश साधा होता. चिरंजीव पांढऱ्या कोटात प्रयोग करणार, धूर होणार, ते पडद्यामागे जाणार, मी बाहेर येऊन थर्माकोलची भिंत फोडणार. मी बाहेर आलो. सभागृह क्षणभर गप्प. आणि पहिल्या रांगेतून चेअरमनसाहेबांचा आवाज आला, "अरे, हा तर दुधी!"

स्कूटर तिरकी लावली म्हणून या गृहस्थांनी मला वर्षात तीन नोटिसा दिल्यात. तिन्ही मी गिळल्या. ऑफिसातलं गिळायचं, लोकलमधलं गिळायचं, ही आमची परंपराच. आमचं ग्रामदैवत शंकर. त्याने हलाहल गळ्यात अडवून धरलं. साडेनऊशे वर्षांहून जुन्या त्या शिवमंदिराच्या गावात राहायचं तर तेवढं यायलाच हवं. पण त्या रात्री अंगावर दोन हात रंग होता. मी भिंत सोडून खाली उतरलो, चेअरमनांच्या शेजारची रिकामी खुर्ची डोक्यावर उचलली आणि आपटली. तिचे चारही पाय चार दिशांना गेले. टाळ्या अशा पडल्या की मी आणखी एक उचलली. तीही रिकामीच होती, एवढं भान होतं.

उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. स्टीलचा डबा.

पुढचं कॉमिकमध्ये फारसं दाखवत नाहीत. दाखवतात ते एवढंच, की बॅनर सकाळी कुठेतरी फाटक्या कपड्यांत जागा होतो आणि त्याला काही आठवत नाही. मला सगळं आठवत होतं. मार्व्हलने १९८८ साली मोडतोड निस्तरणारी 'डॅमेज कंट्रोल' नावाची कंपनीच कथेत आणली. आमच्याकडे ते काम खजिनदार करतात. साडेसातला बेल वाजली. दारात ते, हातात पावती: खुर्ची प्लास्टिक, नग दोन, रुपये नऊशे. नजर मात्र माझ्या गळ्यावर. अंग बरंचसं निघालं होतं. गळा आणि कानांच्या पाळ्या कोवळ्या कैरीसारख्या राहिल्या होत्या. साबण, बेसन, लिंबू, रॉकेल, सगळं झालं होतं. नीळकंठ होणं कुठे, हा हरितकंठ कुठे!

कॉलर वर करून बदलापूरहून आलेल्या लोकलमध्ये घुसलो. ती अंबरनाथला येते तेव्हा आत हवेलाही उभं राहायला जागा नसते. पण माझ्याभोवती हळूहळू वर्तुळ झालं. खिडकीजवळची सीट, जिथे एक विशिष्ट ग्रुप वर्षानुवर्षं परक्याला टेकू देत नाही, तिथला माणूस उठला. "बसा काका." मी बसलो. समोरच्याने बराच वेळ गळ्याकडे पाहिलं आणि शेवटी विचारलं, "कुठे राहता?"

"मोरिवलीला."

"मग बरोबर," तो म्हणाला. अख्ख्या बाकाने मान डोलावली. पुढे कोणी काही विचारलं नाही.

घाटकोपरपर्यंत बसून गेलो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी गळा निम्मा उतरला आणि सीटही निम्मी झाली, एका मांडीवर. चौथ्या दिवशी मी पुन्हा दाराजवळ लटकलो होतो, आणि कोणाचा तरी डबा माझ्या बरगडीत होता. मी काही बोललो नाही.

संध्याकाळी घरी येऊन रंगाची बाटली शोधली. रिकामी. उरलेला सगळा हिने शिऱ्यात घातला होता, पिस्ता म्हणून, आणि एक वाटी समेटाची म्हणून चेअरमनांकडे पाठवली होती. रात्री ते स्वतः वाटी परत द्यायला आले. "शिरा उत्तम," म्हणाले, आणि हसले. जीभ आणि दात, दोन्ही गर्द हिरवे.

मी स्कूटर सरळ करायला खाली गेलो.