वाजवता येत नाही? या, बसा!

वाद्यवृंदात शिरायचं तर आधी वाद्य शिकावं लागतं, हा जुना अन्याय इंग्लंडमधल्या पोर्ट्समथच्या कलाविद्यालयात १९७० साली दूर झाला. संगीतकार गॅव्हिन ब्रायर्स यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘पोर्ट्समथ सिंफोनिया’त वाद्याला कधी हात न लावलेल्यांनाही मानाने प्रवेश होता. वाजवता येणाऱ्यांनाही दार बंद नव्हतं. त्यांनी न येणारं वाद्य हाती घ्यायचं, एवढंच. संगीतकार ब्रायन इनोने क्लॅरिनेट घेतली. मुद्दाम चुकायला मात्र सक्त मनाई. चुका प्रामाणिक हव्यात.

२८ मे १९७४ रोजी ही मंडळी थेट लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पोहोचली.

त्यांच्या ध्वनिमुद्रिकेतलं रिचर्ड श्ट्राउसचं ‘झरथुष्ट्र’ ऐकावं. मूळ रचनेत ट्रम्पेटांनी एकदिलाने तीन सुरांचा जिना चढायचा असतो. इथे जो तो आपापल्या सवडीने वर येतो. काही जण मधल्याच मजल्यावर मुक्काम करतात. (लोकशाही म्हणतात ती बहुधा हीच.)

या उपक्रमात उणीव एकच राहिली: श्रोत्यांना मूळ चाली पाठ होत्या. तेव्हा पुढच्या वेळी तिकीट देण्याआधी परीक्षा घ्यावी आणि संगीतातलं ओ की ठो न कळणाऱ्यांनाच आत सोडावं.

समीक्षकांच्या पासांबाबत काही बदल सुचवण्याची गरज नाही. तिथे हा नियम पूर्वापार चालत आला आहे.